भुकेल्या मुलाची ओळख : हैदराबाद संस्थानातील ख्रिस्ती मिशनकार्य

पार्श्वभूमी

निजामाच्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड अशा तीन भाषांचे मुलूख होते. वेठ सर्वत्र होती. तेलंगणात ‘भगेला’ ही कर्जगुलामीची पद्धत रूढ होती आणि बापाचे कर्ज मुलाच्या अंगावर येई. याच समाजात ख्रिस्ती मिशनांनी धर्मोपदेशासोबत शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे चालवली.

दृष्टी बदलते कशी

वाटेवरून जाणाऱ्याला गरीब मूल क्षणभर दिसते. मिशनच्या कामात असलेल्या माणसाला तेच मूल अनेक वर्षे रोज भेटते. ते सुगीत शाळेत का येत नाही, घरी कोण आजारी आहे, सावकाराचे देणे किती, हे त्याला हळूहळू कळते. दयेची जागा चौकशी घेते आणि चौकशीमागून जबाबदारी येते. दारिद्र्य हा मुलाचा स्वभाव नसून त्याच्याभोवतीची रचना आहे, ही जाण बहुधा अशा सहवासातूनच येते.

दुष्काळाची शिकवण

या बदलाचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८७४ साली दुष्काळातील भटकंतीत त्यांचे आई-वडील गेले. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. त्यांनी १८८९ साली मुंबईत सुरू केलेल्या शारदा सदनाचा भर उच्चवर्णीय विधवांवर होता. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून निराधार मुलींना घेऊन आल्या. आता जातीची अट उरली नव्हती. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०० च्या सुमारास रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. विणकाम, शिवण, शेती, गोठा आणि छापखाना ही कामे मुलीच शिकल्या व करू लागल्या. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली गेली. उपाशी मुलगी म्हणजे भरवायचे तोंड, या कल्पनेपासून हे फार दूरचे पाऊल होते. १९१२ साली हे कार्य निजामाच्या मुलखात, गुलबर्गा येथे पोहोचले. तेथील ख्रिस्ती शाळेची धुरा रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी सांभाळली.

तेलंगणातील दोन वाटा

हैदराबादच्या उत्तरेस मेदक येथे वेस्लियन मिशनचे चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांनी १९१४ च्या सुमारास भव्य कॅथीड्रलचे बांधकाम हाती घेतले. २५ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे समर्पण झाले. दुष्काळग्रस्तांना कामाच्या मोबदल्यात अन्न मिळाले, अशी त्याची कथा त्या भागात सांगितली जाते. दोर्नकलची वाट निराळी होती. तेथे व्ही. एस. अझरया १९१२ साली बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. त्यांच्या कार्याचा कणा खेड्यातला शिक्षक होता. गावकुसाबाहेरच्या माला आणि मादिगा या दलित जातींच्या वस्त्यांत राहून तो मुलांना अक्षरे शिकवी. मेदकची इमारत लोकांच्या नजरेत भरते. माझ्या मते मुलांच्या दृष्टीने दोर्नकलचा शिक्षक अधिक महत्त्वाचा, कारण मूल कुटुंबातच राहून शिकत असे.

मर्यादा

भुकेच्या काळातील धर्मांतरात मनाची मोकळीक किती असते, हा प्रश्न रमाबाईंच्या काळापासून विचारला गेला आहे आणि तो न्याय्य आहे. वसतिगृहाचीही एक किंमत असते : मूल सुरक्षित होते, पण घरापासून तुटते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालसंगोपन संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानला आहे. देणगीदाराला मुलाचे छायाचित्र व पत्र पाठवण्याची प्रायोजक पद्धत आपुलकी जोडते. परंतु तीत एक मूल उठून दिसते आणि त्याची वस्ती नजरेआड होते.

धर्म आणि सवलती

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. तेलंगणात अशा कुटुंबांची गणना मागासवर्गाच्या ‘क’ गटात होते. त्याचे आरक्षण १ टक्का आहे. अनुसूचित जातींचे १५ टक्के. एकाच वस्तीतले, एकाच बाकावर बसणारे दोन चुलत भाऊ सरकारी कागदावर त्यामुळे वेगवेगळ्या रांगांत उभे राहतात.