कर्णोपकर्णी गाजणारे अल्बम

ब्रिटनमध्ये २३ जानेवारी २००६ रोजी 'आर्क्टिक मंकीज' या शेफिल्डच्या तरुण बँडचा पहिला अल्बम बाजारात आला आणि आठवडाभरात त्याच्या ३ लाख ६३ हजार ७३५ प्रती खपल्या. बँडच्या पहिल्या अल्बमची त्या देशातील ही तोवरची सर्वांत वेगवान विक्री होती. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १० फेब्रुवारीला, 'सायन्स' या अमेरिकी नियतकालिकात कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तीन संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तथापि पहिलीत जे घडले ते कसे घडते आणि ते आधी कोणालाच का सांगता येत नाही, याचे बरेचसे उत्तर दुसरीत होते.

बँडची हकिगत साधी आहे. ही मुले २००३ पासून शेफिल्ड आणि आसपास कार्यक्रम करीत. गाण्यांची कच्ची ध्वनिमुद्रणे सीडीवर उतरवून ती कार्यक्रमाला आलेल्यांना फुकट वाटली जात. सीडी थोड्या आणि मागणारे फार. ज्यांच्या हाती त्या लागल्या त्यांनी गाणी संगणकावर उतरवून घेतली, मित्रांना दिली, मित्रांनी पुढे आणखी कोणाला दिली. अल्बम यायचा होता तेव्हाच कार्यक्रमाला येणाऱ्यांना गाणी तोंडपाठ झालेली होती. गाणी अशी फुकट पसरली की विक्री बुडते, हे संगीत कंपन्यांचे त्या काळातील पालुपद होते. 'नॅपस्टर' ही गाण्यांच्या देवाणघेवाणीची सेवा २००१ मध्ये बंद पडली, ती याच मुद्द्यावरच्या न्यायालयीन लढाईत. या अल्बमच्या बाबतीत तरी विक्री बुडाली नाही, हे आकड्यावरून उघड आहे.

एका श्रोत्याने दुसऱ्याला गाणे सुचवावे, हा प्रकार आपल्याकडेही जुना आहे. आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली होती, त्या १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आरंभी त्यात सात गाणी कोणत्याही क्रमाशिवाय वाजत आणि त्यांचा क्रम लावून पत्राने कळवणे ही श्रोत्यांसाठी स्पर्धा असे. पुढे अमीन सयानी यांच्या आवाजात गाण्यांच्या 'पायदानां'ची चढउतार सुरू झाली. गाण्याची जागा ठरे ती तबकड्यांच्या दुकानांतून येणाऱ्या खपाच्या माहितीवरून. केवळ तेवढ्यावर विसंबणे अपुरे ठरले, कारण तबकडी दुकानात संपली की आवडते गाणेही खाली घसरणार. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांचा कौलही घेतला जाऊ लागला. फर्माइशींच्या पत्रांनी झुमरी तलैयासारखे, आज झारखंडात असलेले गाव देशभर ठाऊक झाले, ते त्याच दिवसांत. लोकप्रियता मोजणारा कार्यक्रमच लोकप्रियता वाढवीतही होता, ही गंमत मात्र तेव्हा फारशी कोणाच्या लक्षात आली नसावी. बुधवारी रात्री जे गाणे वरच्या पायरीवर वाजले, ते गुरुवारी दुकानात मागितले जाणारच.

शहरांतील चोखंदळ श्रोत्यांसाठी हे काम दुकानदारांनी केले. मुंबईत काळा घोडा येथे १९४८ पासून २०१६ पर्यंत चाललेले ऱ्हिदम हाऊस, पुण्यात कर्वे रस्त्यावरील अलुरकर म्युझिक हाऊस ही केवळ विक्रीची ठिकाणे नव्हती. नवी कॅसेट विकत घेण्याआधी ऐकता येणे, आणि मागच्या खेपेस गिऱ्हाईकाने काय नेले हे लक्षात ठेवून या वेळी वेगळे काही हाती ठेवणारा माणूस गल्ल्यामागे असणे, ही त्यांची खरी मिळकत होती. उरलेले काम कोऱ्या कॅसेटींनी केले. 'गारवा' कितीजणांनी स्वतः विकत घेतला आणि कितीजणांनी मित्राची कॅसेट आणून उतरवून घेतला, याचा हिशेब कोणाकडे नाही. कायद्याच्या दृष्टीने ती नक्कलच. पण बॉलपेनने गाण्यांची नावे लिहिलेली ती पट्टी हाती पडली की ऐकण्याला नकार देणे अवघड जाई, कारण देणाऱ्याने त्यासाठी आपला तास-दीड तास घातलेला असे.

आता त्या निबंधाकडे. कोलंबियाच्या संशोधकांनी अनोळखी बँडची ४८ गाणी निवडली आणि ती ऐकण्यासाठी १४ हजार ३४१ जणांना संगणकावर बोलावले. गाणे ऐकावे, त्याला एक ते पाच तारे द्यावेत, आवडले तर फुकट उतरवून घ्यावे, इतकेच करायचे होते. काही श्रोत्यांना फक्त बँड आणि गाण्यांची नावे दिसत. इतरांना प्रत्येक गाण्यापुढे, ते आतापर्यंत किती जणांनी उतरवून घेतले, हा आकडाही दिसे. यातली खरी क्लृप्ती पुढची. आकडा दिसणाऱ्या श्रोत्यांची आठ स्वतंत्र 'जगां'त वाटणी केलेली होती. प्रत्येक जग शून्यापासून सुरू झाले आणि एका जगातल्या श्रोत्याला दुसऱ्या जगात काय चालले आहे याचा पत्ता नव्हता. इतिहास आठ वेळा पुन्हा घडवून पाहण्याची संधी समाजशास्त्रज्ञाला क्वचितच मिळते.

गाण्याचा दर्जाच सर्व काही ठरवत असेल, तर आठही जगांत तीच गाणी वर यायला हवी होती. तसे झाले नाही. '५२ मेट्रो' नावाच्या बँडचे 'लॉकडाऊन' हे गाणे (या शब्दाला आज चिकटलेला अर्थ तेव्हा नव्हता) इतरांची पसंती न दिसणाऱ्या श्रोत्यांमध्ये ४८ पैकी २६ वे, म्हणजे अगदी मध्यम ठरले. आकडे दिसणाऱ्या एका जगात तेच पहिले आले, दुसऱ्या एका जगात ४० वे. गाणे तेच, श्रोतेही एकाच प्रकारचे. फरक इतकाच की सुरुवातीला आलेल्या मूठभरांनी एका ठिकाणी ते उचलले आणि दुसऱ्या ठिकाणी सोडून दिले. नंतरचे त्यांच्या मागून गेले.

शिवाय इतरांचा आकडा दिसू लागला की यशातील दरीही रुंदावली. वरची गाणी अधिक वर गेली, खालची अधिक खाली. गाणी उतरत्या क्रमाने एकाखाली एक मांडली, तेव्हा ही दरी आणखी वाढली. तरी दर्जाला काहीच किंमत नाही, असा अर्थ काढणे चूक ठरेल. सर्वोत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि निकृष्ट गाणी सहसा शिखरावर चढली नाहीत. मधल्या मोठ्या घोळक्याचे मात्र काहीही होऊ शकत होते, आणि बाजारात येणारे बहुतेक अल्बम या मधल्या घोळक्यातलेच असतात. साल्गानिक आणि वॉट्स यांनी २००८ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात श्रोत्यांना क्रमवारी मुद्दाम उलटी करून दाखवली होती. काही गाण्यांची खोटी लोकप्रियता खरी होऊन बसली. उत्तम गाणी कालांतराने वर सरकली, पण एकूण गाणी उतरवून घेण्याचे प्रमाणच घटले. वरवर चांगली दिसणारी गाणी ऐकून निराश झालेला श्रोता पुढे शोधत बसत नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो.

मित्राचे आणि दुकानदाराचे हे काम यंत्राकडे देण्याचा प्रयत्न त्याआधीच सुरू झाला होता. १९९४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये उपेंद्र शार्दानंद आणि पॅटी मेस यांनी 'रिंगो' ही यंत्रणा तयार केली. श्रोत्याने गायक-वादकांना एक ते सात गुण देऊन ई-मेलने पाठवायचे, यंत्राने त्याच्यासारखेच गुण देणारे इतर लोक शोधायचे आणि त्यांना आवडलेले पण याने न ऐकलेले काही सुचवायचे. कर्णोपकर्णी प्रसाराचे हे यांत्रिकीकरण होते. समजा, कुमार गंधर्व आणि वसंतराव देशपांडे दोघेही आवडणाऱ्या बऱ्याच जणांनी अभिषेकीबुवांनाही भरघोस गुण दिले आहेत. मग पहिल्या दोघांना गुण देणाऱ्या नव्या श्रोत्याला यंत्र अभिषेकीबुवा सुचवील. यंत्राला त्यासाठी राग कळावा लागत नाही की मराठी समजावे लागत नाही. आज गाणी ऐकवणाऱ्या बहुतेक सेवांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. 'स्पॉटिफाय'ने जुलै २०१५ पासून दर सोमवारी प्रत्येक श्रोत्याला ३० गाण्यांची स्वतंत्र यादी देण्यास सुरुवात केली, ती लाखो लोकांनी स्वतः रचलेल्या याद्यांच्या आधारे.

मात्र हे गणित नव्या अल्बमपाशी अडते. जे अजून कोणी ऐकलेलेच नाही, ते कोणाला आवडते याची नोंद यंत्राकडे असणार कोठून? ध्वनीचे विश्लेषण करून लय, स्वर, वाद्ये यांवरून अंदाज बांधता येतो आणि तसा तो बांधलाही जातो. पण तो अंदाजच. १० जुलै २०१५ पासून बहुतेक प्रमुख देशांत नवे अल्बम शुक्रवारी प्रकाशित करण्याची प्रथा पडली आहे. दर शुक्रवारी गाण्यांचा लोंढा येतो आणि त्यातले प्रत्येक गाणे कोऱ्या पाटीने सुरुवात करते. पहिल्या काही दिवसांत ज्यांनी ते आपण होऊन शोधले, पूर्ण ऐकले, जपून ठेवले, दुसऱ्याला धाडले, त्यांच्या वागण्यावरून यंत्र पुढची दिशा ठरवते. म्हणजे कोलंबियाच्या प्रयोगातले ते सुरुवातीचे मूठभर श्रोते आजही आहेतच. फक्त त्यांचा आकडा आता पडद्यावर दिसण्याआधीच यंत्राच्या पोटात जातो.

या शर्यतीत पैशालाही वाट करून देण्यात आली आहे. 'स्पॉटिफाय'ने २०२० मध्ये सुरू केलेल्या एका योजनेत कलावंताने किंवा कंपनीने कमी मानधन स्वीकारल्यास ते गाणे सुचवले जाण्याची शक्यता वाढते. जुन्या दुकानातल्या माणसावरही एखाद्या कंपनीची मर्जी नसेलच, असे नाही. पण त्याला निदान समोर उभे राहून विचारता येत असे.

मराठीत स्वतःच्या खर्चाने अल्बम काढणाऱ्या गायक-संगीतकारांसाठी हा प्रश्न केवळ प्रसिद्धीचा नाही. याच सेवेने २०२४ पासून नियम केला आहे की मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्यास मानधन मिळणार नाही. गाणे किमान ३० सेकंद वाजले तरच ते एकदा ऐकले गेले असे धरतात. हजाराचा आकडा ऐकायला मोठा वाटतो. महिन्याचा हिशेब केला तर तो साधारण ८४ होतो, म्हणजे २१ जणांनी महिन्यातून चार वेळा ऐकण्याइतका. मात्र ऐकणारे पुरेसे वेगवेगळेही असावे लागतात, आणि ते किती, हे कंपनी जाहीर करत नाही.