वेत लवतो कशाच्या बळावर?

अलीकडे वृत्तपत्रांतून व अर्थशास्त्रज्ञांच्या भाषणांतून ‘श्रमबाजाराची लवचिकता’ हे शब्द वारंवार कानी पडतात. काम असेल तेव्हा कारखानदारास माणसे घेता यावीत, नसेल तेव्हा कमी करता यावीत, कामाचे तास व वेतन मागणीप्रमाणे बदलता यावे, असा त्यांचा सरळ अर्थ आहे. शब्द ऐकावयास गोड आहेत. परंतु ते ऐकले की आम्हांस शांतिपर्वातील सरित्सागरसंवाद आठवतो. सागराने नद्यांस विचारले, तुम्ही मोठमोठे वृक्ष समूळ वाहून आणता, मग काठावरचा क्षुद्र वेत कधीच कसा आणीत नाही? गंगेने उत्तर दिले की, वृक्ष ताठ उभे राहतात म्हणून पडतात. वेत पाण्याच्या वेगापुढे लवतो आणि वेग ओसरताच पुन्हा आपल्या जागी उभा राहतो. ‘आपल्या जागी’ हे महत्त्वाचे. मूळ घट्ट नसते, तर लवलेला वेतही पुराबरोबर सागरास मिळाला असता. कामगाराचे हे मूळ कोणते, व ते राखण्याचा भार कोणी वाहावयाचा, हाच या विषयातला खरा प्रश्न होय, असे आम्हांस वाटते.

प्रथम मालकांचा पक्ष न्यायाने मांडू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली भर पडली आणि कामगार कमी करावयाचा तर एक महिन्याची सूचना व सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे, असे ठरले. १९७६ साली ३०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यांस कपातीपूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी आवश्यक झाली. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली. मालक म्हणतात, घेतलेला माणूस पुढे कमी करता येत नाही, या भयाने आम्ही माणूसच घेत नाही. कारखाना लहानच ठेवतो. बेस्ली व बर्जेस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली भारतीय राज्यांचा अभ्यास करून जवळजवळ हेच मत मांडले. इतर विद्वानांनी त्यांच्या रीतीवर आक्षेप घेतले आहेत. तथापि भय खोटे आहे, असे म्हणवत नाही. ज्याचा व्यापार बसला, त्याने रिकाम्या हातांस किती काळ पोसावे, हा प्रश्न दुर्लक्षिण्याजोगा नाही.

परंतु लवचिकता ही कालपरवाची गोष्ट आहे, असा जो समज दिसतो, तो मात्र चुकीचा आहे. मुंबईच्या गिरण्यांनी ती शतकापूर्वीच पूर्णत्वास नेली होती. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिली गिरणी उभारण्यास हात घातला, तेव्हापासून या धंद्यात तेजीमंदी ठरलेली. तिचा धक्का सोसण्यासाठी ‘बदली’ कामगार होता. कायम कामगाराचा खाडा झाला की त्याच्या मागावर त्या दिवसापुरते यास घ्यावयाचे. कोकणातून वा घाटावरून आलेला हा माणूस रोज सकाळी दरवाजाशी उभा राही. आत कोणास घ्यावयाचे, हे जॉबरच्या मर्जीवर असे, आणि त्या मर्जीची किंमत मोजावी लागे. शाही श्रम आयोगाच्या १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या लाचखोरीची चर्चा आहे. पुढे १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांस महिन्याच्या आरंभी कार्डे देण्याची पद्धत घातली. जॉबरचा हात थोडा आखडला. परंतु कार्ड हाती असले तरी आज काम मिळेलच, ही शाश्वती नव्हतीच. दुसऱ्याच्या आजारपणावर आपली चूल पेटावी, अशी ही व्यवस्था! १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबरच बदली कामगारांस कायम करावे, ही त्यांची एक मागणी होती, हे आज फारसे कोणी सांगत नाही. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. बहुतेक गिरण्या कालांतराने बंद पडल्या, आणि कायम व बदली हा भेद बेकारीने मिटवून टाकला.

इकडे कायद्याची भिंत जसजशी उंच झाली, तसतशी तिच्याखालून वाट निघाली. ती वाट म्हणजे कंत्राटी कामगार. एकाच यंत्रावर दोघे काम करतात. एक कंपनीचा, दुसरा कंत्राटदाराचा. दुसऱ्याचे वेतन कमी, आणि उद्याचा भरवसा त्याहून कमी. सरकारच्या वार्षिक औद्योगिक पाहणीप्रमाणे २०२२-२३ साली संघटित कारखान्यांतील दर पाच कामगारांत सुमारे दोघे असे कंत्राटी होते. म्हणजे कायद्याने थोड्यांस कवच दिले व बाकीच्यांस उघड्यावर सोडले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. परवानगीची मर्यादा १०० वरून पुन्हा ३०० झाली. मुदतबंद नोकरीस मान्यता मिळाली, मात्र अशा नोकरास एक वर्षानंतर उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, देणे आहे. कमी केलेल्या कामगारास नवे कौशल्य शिकण्यासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम द्यावी, असेही त्यात आहे. वेताला लवण्यास जागा पुष्कळ झाली. मुळाला माती मात्र पंधरा दिवसांची.

मग लवचिकता व शाश्वती यांचे हाडवैरच आहे काय? आमच्या मते नाही, आणि याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. हमालाइतके अस्थिर काम दुसरे कोणते? आज या पेढीवर, उद्या त्या गोदामात. अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांस संघटित केले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याची योजना साधी आहे. व्यापारी व हमाल दोघांनीही मंडळाकडे नोंद करावयाची. व्यापाऱ्याने मजुरी व तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरावयाची. मंडळ त्यातून कामगारास मजुरी देते आणि भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार, औषधोपचार यांची तरतूद करते. धनी बदलतो, मंडळाची नोंदवही बदलत नाही. या कायद्याच्या आडून खंडणी उकळणारे निघाले, ही तक्रार खरी आहे व तिचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण चोर शिरला म्हणून कोणी घर पाडीत नाही. डेन्मार्कमध्ये हेच तत्त्व राष्ट्रीय प्रमाणावर दिसते. तेथे मालकास माणूस कमी करणे सोपे आहे; पण बेकारीविम्याच्या सभासदास दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो आणि नवे काम शिकविण्याची व्यवस्था होते. तेथे पुराचा भार सर्व समाज वाहतो, एकटा वेत नव्हे.

आमचे वाचक म्हणतील, गिरण्या व गोदामे यांच्याशी आमच्या घराचा काय संबंध? संबंध आता उंबरठ्याच्या आत आला आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून नवा शिक्षक प्रथम तीन वर्षे मानधनावर ‘शिक्षणसेवक’ असतो. महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकविणारे शेकडो आहेत. आमचा एक जुना विद्यार्थी, संस्कृतचा एम. ए., असाच एका महाविद्यालयात शिकवितो. सुटी आली की त्याचे उत्पन्न थांबते. मागे तो भेटावयास आला असता आम्ही सहज विचारले, “नव्या पाठ्यक्रमातल्या चुका तू वरिष्ठांस का दाखवीत नाहीस?” तो म्हणाला, “सर, पुढच्या वर्षी बोलावणे यावयास हवे ना!” आम्ही निरुत्तर झालो. अशाश्वतीने केवळ पैसा जात नाही. माणसाची जीभ जाते. जो उद्याविषयी भितो, तो आजचे काम निर्भयपणे करू शकत नाही, आणि यात नुकसान केवळ त्याचे होत नाही, त्याच्यापुढे बसलेल्या मुलांचेही होते. पूर्वी अशा मुलास एकत्र कुटुंब सावरून धरी, चुलता म्हणे, “मिळेल रे नोकरी, तोवर जेव.” आज ती कुटुंबे विरळ झाली. जे काम घर करीत होते, ते आता कायद्याने व मंडळांनी करावयास हवे.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना आम्हांसच प्रथम लाज वाटली. आपल्या घरी भांडी घासणारी, पोळ्या करणारी बाई हीच या देशातील सर्वांत लवचीक कामगार आहे. तिला नेमणूकपत्र नाही, निधी नाही, म्हातारपणाची तरतूद नाही. आम्ही मे महिन्यात गावी गेलो, तर तिचा त्या महिन्याचा पगार कापतो. ती तापाने पडली, तर खाड्याचे पैसे मोजतो. आमच्या घरी गेल्या वर्षी हा हिशेब निघाला, तेव्हा सूनबाईंनी विचारले, “मामंजी, तुमचे निवृत्तिवेतन मे महिन्यात येत नाही का?” त्या दिवसापासून आमच्या घरी बाईंचा पगार बारा महिने चालू आहे, महिन्याला दोन सुट्या हक्काच्या आहेत, आणि टपाल कार्यालयात तिच्या नावाचे आवर्ती ठेव खाते उघडले आहे. यात आम्ही काही उपकार केला नाही. फार वर्षांचे देणे उशिरा देऊ लागलो, इतकेच. श्रमसंहितांवर मत देण्यापूर्वी वाचकांनी आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या कालनिर्णयाच्या पानांवर खाड्याच्या खुणा किती आहेत, ते एकदा मोजावे, अशी आमची विनंती आहे.