राजाने दिलेली राज्यघटना

बँकेत असताना डिमांड प्रॉमिसरी नोटवर मी हजारो सह्या घेतल्या. बँक मागेल तेव्हा रक्कम परत करायची, असे त्यात स्वच्छ लिहिलेले असते. ते कुणी वाचत नाही आणि खरे सांगायचे तर आम्हीही वाचून दाखवत नसू. नेपाळच्या १९५९ च्या राज्यघटनेविषयी वाचताना मला तो कागद आठवला.

ही घटना राजे महेंद्र यांनी प्रजेला 'दिली'. लोकांनी निवडलेली घटना समिती ती तयार करील, असे वचन त्यांच्या वडिलांनी, राजे त्रिभुवन यांनी १९५१ मध्ये दिले होते. ते बाजूलाच राहिले. या घटनेत ५५ वे कलम होते. आणीबाणी आहे असे राजाला वाटले, की घटना स्थगित! नेपाळी काँग्रेसने तरीही निवडणूक लढवली. मी त्यांना दोष देत नाही. गरजवंत सही करतोच.

१०९ पैकी ७४ जागा जिंकून बिश्वेश्वरप्रसाद कोईराला पंतप्रधान झाले. मर्जीतल्यांना बहाल झालेल्या करमुक्त 'बिर्ता' जमिनींना त्यांच्या सरकारने हात घातला. कोण दुखावले असेल, ते सांगायला नको.

जेमतेम दीड वर्ष झाले होते. १५ डिसेंबर १९६० रोजी काठमांडूत तरुण कार्यकर्त्यांच्या अधिवेशनात कोईराला असताना लष्कर आले आणि त्यांना घेऊन गेले. सरकारला कायदा-सुव्यवस्था राखता आली नाही, असे राजाने जाहीर केले. आधाराला ५५ वे कलम होतेच. पुढे पक्षांवर बंदी आली आणि पंचायत राजवट १९९० पर्यंत टिकली.

कोईराला सुमारे आठ वर्षे सुंदरीजलच्या छावणीत कैदेत होते, तेही खटल्याविना. तिथे त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. 'सुम्निमा' ही त्यांतली एक. गोष्ट ब्राह्मणाचा मुलगा सोमदत्त आणि एक किराती मुलगी यांची, कोशीकाठची, फार जुन्या काळातली. मीही कादंबऱ्या लिहितो, म्हणून कबूल करतो : त्या जागी मी राजालाच खलनायक केले असते.

१९८२ मध्ये ते गेले. २००५ मध्ये महेंद्रांचे पुत्र ज्ञानेंद्र यांनीही सारी सत्ता हाती घेतली, पण पुढच्याच वर्षी लोक रस्त्यावर उतरले. १९५१ मध्ये कबूल केलेली घटना समिती अखेर एप्रिल २००८ मध्ये निवडली गेली. २८ मे रोजी तिची पहिली बैठक झाली आणि त्याच बैठकीत तिने राजेशाही रद्द केली.