‘बनगरवाडी’ सांगतो कोण?

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) वाचताना आधी एक पाहावं: हे सांगतंय कोण? औंध संस्थानातल्या माणदेशी धनगरवाडीत नव्याने आलेला तरुण मास्तर. शिकलेला, परका. त्याला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. वाडीच्या कारभाऱ्याची मुलगी अंजी त्याच्याकडे चोळी शिवून आणण्याचं काम सोपवते. त्यातून कुजबुज होते, कारभारी बिथरतो. मास्तर निर्मळ आहे हे आपल्याला ठाऊक असतं, कारण आपण त्याच्याच बाजूला बसलेलो असतो. कारभाऱ्याच्या मनात मात्र लेखक शिरत नाही. त्याच्या तुटक वागण्यावरून ते ताडावं लागतं. पात्र समजून घेणं म्हणजे बरंचसं हेच. ‘स्वभाव चांगला की वाईट’ हा परीक्षेतला प्रश्न मला तरी निरुपयोगी वाटतो.

माळरान हे इथे नुसतं नेपथ्य नव्हे. पाऊस फिरकत नाही, वाडी ओस पडते. कथानकाला वळण देतो तो दुष्काळच, कुणी खलनायक नाही.

‘सांगतंय कोण’ या प्रश्नाबाबत कवितेत तर जास्तच सावध राहावं. तिथला ‘मी’ म्हणजे कवीच, असं आपण सहज धरून चालतो. पण ज्ञानेश्वरांच्या विरहिणींत, म्हणजे विरहाच्या अभंगांत, बोलते ती व्याकूळ स्त्री.