छातीवरची शस्त्रक्रिया आणि मांडीतले बळ

बायपास ठरली की घरची मंडळी फाइल घेऊन माझ्याकडे येतात. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून येणाऱ्या कुटुंबांचे प्रश्न सारखेच असतात. ब्लॉकेज किती आहेत? हृदयाचे पंपिंग किती टक्के आहे? खर्च किती येईल? "यांच्या अंगात हे सोसण्याइतके बळ आहे का?" हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

पूर्वी मीही तो विचारत नसे. सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षकांची शस्त्रक्रिया दीड महिन्यावर होती. मी त्यांना पूर्ण विश्रांती सांगितली. घरच्यांनी तो सल्ला मनापासून पाळला. गुरुजी पलंगावरून उठेनात, आणि 'पचायला हलके' म्हणून ताटात पेज आणि वरणाचे पाणी आले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण गुरुजींना उभे राहता येईना. खोकण्याइतकाही जोर नव्हता. छातीत कफ साठून न्यूमोनिया झाला आणि मुक्काम तीन आठवड्यांवर गेला. त्याच सुमारास त्यांच्याच वयाच्या, शेतात राबणाऱ्या एक आजी बायपासनंतर आठव्या दिवशी घरी परतल्या. त्यांच्या हृदयाचे पंपिंग गुरुजींपेक्षा कमीच होते.

दोन रुग्णांवरून नियम ठरत नाही. पण 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडा आणि अमेरिकेतील रुग्णालयांत सत्तरीच्या व त्यापुढच्या 131 रुग्णांना हृदयशस्त्रक्रियेपूर्वी फक्त 5 मीटर चालायला लावले होते. ज्यांना 6 सेकंद किंवा अधिक वेळ लागला, त्यांच्यात मृत्यू वा गंभीर गुंतागुंतीची शक्यता सुमारे तिप्पट आढळली.

पायांचा हृदयाशी असा काय संबंध? बायपाससाठी छातीचे मधले हाड कापून पुन्हा तारांनी जोडतात. ते सांधेपर्यंत काही आठवडे हातांवर भार देऊन उठण्यास मनाई असते. म्हणजे पलंगावरून उठायचे ते मांड्यांच्याच बळावर. शिवाय स्नायू हे शरीराचे प्रथिनांचे कोठार आहे. जखम भरण्यासाठी आणि जंतूंशी लढण्यासाठी लागणारा कच्चा माल शरीर त्यातूनच उचलते. कोठार आधीच रिकामे असेल, तर ऐन गरजेच्या वेळी काढणार काय?

अंथरूण हे कोठार फार वेगाने रिते करते. 2007 सालच्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना 10 दिवस झोपवून ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे 1 किलो स्नायुभार घटला.

वजनकाटा याबाबत फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपले आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3 होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के निघाली. आपल्याकडच्या 'अंगाने बारीक' माणसातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात.

त्यामुळे घरातील ज्येष्ठांकडे नीट पाहा. हात न टेकता खुर्चीवरून सलग पाच वेळा उठून बसायला 12 सेकंद किंवा अधिक लागतात का? पोटरीचा घेर पुरुषांत 34, स्त्रियांत 33 सेंटिमीटरपेक्षा कमी आहे का? बांगड्या सैल झाल्या, एसटीची पायरी चढताना दांडी ओढून धरावी लागते, प्रयत्न न करता वजन उतरले, सतत थकवा वाटतो, ही सारी क्षीणतेची चिन्हे आहेत. ती दिसल्यास शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे.

शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर हाती असलेले आठवडे वाया घालवू नयेत. हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने रोज थोडे सपाटीवर चालणे, खुर्चीवरून उठबस आणि दीर्घ श्वसन करावे. ज्यांना बसल्याजागी छातीत दुखते, ज्यांची मुख्य धमनी किंवा महाधमनीची झडप फार अरुंद झाली आहे, त्यांनी मात्र स्वतःच्या मनाने व्यायाम करू नये किंवा शस्त्रक्रियेची तारीखही पुढे ढकलू नये.

मूत्रपिंडे ठीक असतील, तर ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे 60 किलोच्या व्यक्तीला 60 ते 72 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात, कपभर दुधातही जवळपास तेवढीच. मटकीची उसळ, पिठले, हुलग्याचे माडगे, डाळ आणि दही हे आपल्याच स्वयंपाकघरातले पदार्थ आहेत. ते तिन्ही वेळच्या जेवणात थोडे थोडे यावेत. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आधी-नंतरचे काही महिने उपवास बाजूला ठेवले तर देव रागावणार नाही.

आपला हा मुलूख बळाची बूज राखणारा आहे. आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधपासून सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीपर्यंत ज्यांचे संस्थान होते, त्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून कुस्तीचे ऑलिंपिक कांस्यपदक घेऊन आले. तरुणांच्या दंडांचे आपण कौतुक करतो. साठी उलटली की मात्र "आता बसून खा" म्हणतो. त्यात माया असते, पण त्या मायेनेच म्हातारपण दुबळे होते.

गुरुजी पुढे सावरले, पण स्वतःच्या पायांनी अंगण ओलांडायला त्यांना चार महिने लागले. तेव्हापासून बायपासची फाइल उघडण्याआधी मी रुग्णाला खुर्चीवरून उठायला सांगतो, हात न टेकता.