जँगोच्या क्वेरीसेटमध्ये जादा ओळी कशा घालायच्या?

आज जँगोवाल्यांना हमखास पडणारा प्रश्न घेऊया: डेटाबेसमधून आलेल्या रिझल्टमध्ये आपल्या पदरच्या ओळी कशा घालायच्या?

आधी हे लागतं कशाला ते बघू. समजा, एका दुकानाचा एप्रिल ते मार्चचा रिपोर्ट हवाय. विक्री महिन्यानुसार ग्रुप केली, तर ९ च ओळी आल्या. कारण ३ महिन्यांत विक्रीच नाही, आणि टेबलात नोंदच नसेल तर डेटाबेस गट कशाचा करणार? एकूण विक्री ३,६०,००० रुपये धरा. ९ ने भागलं तर महिन्याची सरासरी ४०,०००, १२ ने भागलं तर ३०,०००. दुकानदार या आकड्यावर माल भरणार! म्हणजे शून्याच्या ओळी नुसत्या शोभेच्या नाहीत.

मग सरळ अपेंड करू? क्वेरीसेटला अपेंड नाहीच. तो लिस्टसारखा दिसला तरी मुळात डेटाबेसला विचारायचा प्रश्न आहे. काही जण त्याच्या आतल्या रिझल्ट कॅशमध्ये ओळ घुसवतात. ती दिसतेही. पण पुढे कुणी फिल्टर लावला की नवा क्वेरीसेट बनतो, नवी क्वेरी जाते आणि आपली ओळ गायब. एररसुद्धा येत नाही.

तर दोन सरळ रस्ते आहेत.

जादा ओळी डेटाबेसमध्येच, दुसऱ्या क्वेरीत असतील, तर युनियन वापरा. जँगो १.११ पासून ते आहे. दोन्हीकडचे कॉलम जुळले पाहिजेत. सारख्या ओळी ते काढून टाकतं. त्या हव्या असतील तर 'ऑल' ट्रू करा. आणि फिल्टर आधीच लावून घ्या, युनियननंतर तो चालत नाही.

ओळी डेटाबेसमध्ये नसतीलच, आपल्या शून्यांसारख्या, तर पायथॉनमध्ये या. क्वेरीच्या निकालाची डिक्शनरी करा: महिना की, विक्री व्हॅल्यू. मग १२ महिन्यांवर लूप फिरवा आणि 'गेट'ने व्हॅल्यू काढा, नसेल तिथे ०. झाली १२ ओळींची लिस्ट. सॉर्टिंग, पेजिनेशन त्यानंतर.

एक सांभाळा: या ओळींसाठी मॉडेलचे ऑब्जेक्ट बनवू नका. पुढे कुणी त्यावर सेव्ह मारलं, तर खोटी ओळ खरोखर टेबलात जाऊन बसते. साधी डिक्शनरी बरी, तिला सेव्ह नसतं.

थोडक्यात, ओळ खरी असेल तर क्वेरीत जोडा, फक्त दाखवायची असेल तर लिस्टमध्ये. भेटू पुढच्या भागात!