भूकंपाच्या हादऱ्यांपासून इमारतींचे संरक्षण

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांना नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के वारंवार बसू लागले. घरांना तडे गेले. ऐन थंडीत अनेकांना तंबूंत रात्री काढाव्या लागल्या. याच जिल्ह्याच्या दक्षिणेस, वसईजवळ पापडी आहे. जुनी कौलारू घरे, चर्च आणि नव्या बहुमजली इमारती तेथे शेजारीशेजारी उभ्या आहेत. त्यांच्या सुरक्षिततेचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

जमीन हलली की इमारतीचा पाया तिच्याबरोबर सरकतो; वरचा भाग मात्र जडत्वामुळे मागे राहू पाहतो. या ओढाताणीत भिंती व सांधे निखळतात. इमारत जितकी जड, तितकी ही ओढ मोठी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारोंचा बळी गेला.

हादऱ्याची ही शक्ती इमारतीने मोडून न पडता पचवावी, यासाठी शास्त्रज्ञांनी 'स्मार्ट' पदार्थ उपयोगात आणले आहेत. परिस्थितीनुसार आपले गुणधर्म बदलणारे ते पदार्थ होत. निकेल व टायटॅनियम यांचा एक मिश्रधातू सुमारे ६ टक्के ताणला गेला तरी ताण सरताच पूर्वीचा आकार धारण करतो. साधे पोलाद मात्र त्यापूर्वीच कायमचे वाकते. इटलीतील असिसी येथील संत फ्रान्सिस यांच्या प्राचीन चर्चची १९९७ च्या भूकंपात हानी झाली. दुरुस्तीच्या वेळी छप्पर व भिंत यांना जोडण्यासाठी या मिश्रधातूची साधने बसविण्यात आली. दुसरा पदार्थ म्हणजे लोहाचे सूक्ष्म कण मिसळलेले तेल. चुंबकीय क्षेत्र निर्माण होताच ते क्षणार्धात घट्ट होते. मोटारीतील शॉक ॲब्जॉर्बरसारख्या नळकांड्यात ते भरले, तर हादऱ्याच्या जोरानुसार विरोध कमीजास्त करता येतो. टोकियोतील एका विज्ञान संग्रहालयात २००१ मध्ये अशी साधने बसविण्यात आली.

ही साधने खर्चिक आहेत. रुग्णालये, पूल व ऐतिहासिक वास्तू यांसाठी ती योग्य होत. गावातील घराला वा शाळेला मात्र त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. जोते, दारे-खिडक्यांचा माथा आणि छपराची पातळी येथे चारही भिंतींना सलग बांधणारी लोखंडी सळ्यांची काँक्रीट पट्टी, दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड व हलके छप्पर हे उपाय गवंड्याच्या आवाक्यातील आहेत. भारतीय मानक १३८२८ मध्ये त्यांचे मार्गदर्शन आहे.

हादरा पचविणे आणि भिंतींची फूट टाळणे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. शाळेची खोली, अंगणवाडी वा समाजमंदिर बांधताना नकाशात या पट्ट्या आहेत काय आणि प्रत्यक्ष कामात त्या सलग घातल्या जातात काय, एवढे ग्रामपंचायतीने व मुख्याध्यापकांनी पाहिले, तरी अनेक जीव वाचतील.